सव्वासातचं वाचन आणि मामंजींचे कान

नेम मी आधीही दोनदा धरला होता आणि दोन्ही वेळा तो मोडला. पहिला एकतिसाव्या दिवशी, घरात पाहुणे होते म्हणून. दुसरा साठाव्या दिवशी, वीज गेली आणि रेडिओतले सेल कुणीतरी काढून भिंतीवरच्या घड्याळाला लावले होते म्हणून. तेव्हापासून घरात कुणाचं काही अर्धवट राहिलं की सासूबाई म्हणत, "असू दे, सूनबाईच्या नेमासारखं झालं." वाईट मनानं म्हणत नसत, पण म्हणत.

तिसऱ्यांदा धरला तेव्हा मी मनाशी ठरवलं की हा शेवटचा. पार पडला तर पडला. मोडला तर पुन्हा देवाला शब्द द्यायचा नाही. शब्द फिरवणाऱ्या माणसाची त्यालाही सवय होत असेल आणि शब्द फिरवायची मला व्हायला नको होती.

नेम तसा साधा. रेडिओवर रोज सकाळी सव्वासातला पंधरा मिनिटं एका जुन्या ग्रंथाचं वाचन लागायचं. वाचणाऱ्या बाईंचा आवाज उन्हात वाळलेल्या सुती कापडासारखा, स्वच्छ आणि किंचित खरखरीत. शंभर दिवसांत ग्रंथ पुरा होणार होता. ते शंभरही दिवस पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचे, ऐकल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, आणि शंभरावं वाचन संपेपर्यंत खोटं बोलायचं नाही. यातलं काहीही चुकलं तर नेम मोडला.

आठव्या दिवशी माझी पाळी बदलली. मी दवाखान्याच्या कपडेखोलीत काम करते. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे धुऊन आले की घड्या घालून ज्या त्या मजल्यावर पाठवायचे. नवी पाळी सकाळी सातची. म्हणजे सव्वासातला मी तळघरात, चादरींच्या ढिगाऱ्यामागे. तिथे रेडिओ तर सोडाच, मोबाइललाही रेंज नाही.

"वहिनी, मी असताना तुम्ही कशाला काळजी करता," भावजी म्हणाले. हे माझे धाकटे दीर. एका कचेरीतले बिघडलेले प्रिंटर दुरुस्त करतात, पण घरात त्यांना इंजिनिअर म्हणतात आणि तेही त्या हाकेला ओ देतात. "घरचा कॉम्प्युटर रेकॉर्ड करेल. सात दहाला आपोआप चालू, सात पस्तीसला आपोआप बंद. तीनला घरी आलात की ऐका."

आपोआप हा शब्द त्यांच्या फार आवडीचा. त्यांचं आपोआप बहुतेक वेळा दुसऱ्या कुणालातरी हातानं करावं लागतं.

"पण तीनला ऐकलेलं चालतं का?" सासूबाईंनी विचारलं. "शिळं नाही का होत?"

"आई, आवाज शिळा होत नाही."

"मग तुझ्या आत्याचं बोलणं कसं होतं? तेच तेच असतं."

मी माझ्यापुरता तोडगा काढला. रेकॉर्डिंग ऐकायचं ते रेडिओ ऐकतो तसंच. मध्ये थांबवायचं नाही, मागे नेऊन पुन्हा ऐकायचं नाही. रेडिओवर बाई माझ्यासाठी थांबल्या नसत्या, तर इथे त्यांना थांबवायचा मला काय अधिकार? हुकला शब्द तो हुकला. देवाला हे पटलं असावं. निदान तो काही बोलला नाही. तीन वाजेपर्यंतचा उपासही पदरात आला, पण पोट ही गोष्ट दोन आठवड्यांत गप्प बसायला शिकते.

भावजींनी रेडिओच्या इअरफोनच्या भोकात एक वायर खुपसली आणि तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरच्या पाठीत. "वायरीतून आवाज आलाच नाही, तर वरच्या कॅमेऱ्याचा माइक आपोआप चालू होईल. म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त," असं म्हणून ते हात झटकत उठले. एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नाही. वायर खुपसली की रेडिओचा स्वतःचा आवाज बंद होतो. आणि त्याच रेडिओवर, त्याच खोलीत, माझे सासरे रोज सातच्या बातम्या ऐकायचे.

ऐकायचे म्हणजे रेडिओला कान लावून बसायचे. मामंजींना दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. मोठी सर्दी झाली, कान भरले, ते भरलेच. "जेवायला चला" हे त्यांना तीनदा ओरडून सांगावं लागे. "बेसिनचा नळ गळतोय, जरा बघा" हे पाचदा सांगूनही पोचत नसे. ते मान तिरकी करून म्हणत, "काय?" आणि त्या काय मध्ये एवढी निरागसता असे की पुढचा माणूस स्वतःच जाऊन नळ बघून येई.

पहिले काही दिवस मामंजी बातम्यांपुरती वायर काढत आणि पुन्हा लावत. रेकॉर्डिंग स्वच्छ यायचं. तेविसाव्या दिवशी मी कामावरून आले, पाय धुतले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि सुरू केलं, तर बाईंचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. मागे खुर्चीची करकर, पेपराची सळसळ, चहाचा एक लांबलचक भुरका. मग अगदी बारीक घंटी, आणि त्यावर मामंजींचा दबका आवाज.

"हं. बोल. घरात कुणी नाही."

मी ताठ बसले. थांबवायचं तर नव्हतं.

"मनाला आवर घातला पाहिजे," बाई वाचत होत्या.

"उंट खातो मी तुझा," मामंजी म्हणाले.

"कारण ज्यानं मन जिंकलं..."

"हत्ती कुठे नेलास? हळू बोल की, ओरडतोस कशाला. मी काय बहिरा आहे?"

मामंजी आणि त्यांचे कचेरीतले जुने स्नेही फोनवर बुद्धिबळ खेळत होते. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं डोक्यात. आमचे हे आणि मी पहाटेच बाहेर, भावजी सातला निघालेले, सासूबाई फिरायला गेलेल्या. सात ते साडेसात घर मामंजींचं एकट्याचं होतं, आणि त्या अर्ध्या तासात त्यांचे कान चांगले ठणठणीत होते.

शेवटचा शब्द ऐकून मी उठले आणि बाहेर आले. मामंजी खिडकीपाशी होते. सासूबाई त्यांच्या कानाशी ओरडत होत्या, "पंख्यावरची धूळ काढायचीय." मामंजी म्हणाले, "काय?" मी ताटावर बसले आणि खाली मान घालून जेवले. हसू आलं की घास घेत होते. त्या दिवशी मी चार घास जास्त जेवले.

पण हसून भागणार नव्हतं. चोविसाव्या दिवशी तेच, पंचविसाव्या दिवशी तेच. सव्विसाव्या दिवशी त्यांनी स्नेह्यांचा घोडा मारला आणि असे खदखदून हसले की बाईंचं एक अख्खं वाक्य त्या हसण्याखाली जाता जाता राहिलं. मी श्वास रोखून, कान कॉम्प्युटरला चिकटवून ते कसंबसं वेचलं. आणखी एक घोडा मेला असता तर माझा नेम गेला असता.

आता करायचं काय? घरात सांगावं तर म्हाताऱ्या माणसाची चोरी उघडी पडणार. त्यांना सांगावं, तर जो माणूस ऐकतच नाही त्याला सांगायचं कसं? ओरडून सांगितलं असतं तर ते "काय?" म्हणाले असते आणि सगळं घर गोळा झालं असतं.

सव्विसाव्या दिवशीच संध्याकाळी मी वाळलेले कपडे घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि टॉवेलाच्या घड्या घालत घालत, टॉवेलालाच सांगावं तसं म्हटलं, "बातम्या झाल्या की कुणी ती वायर परत लावली असती तर बरं झालं असतं. माझ्या नेमाचा प्रश्न आहे. बाकी कुणी काय खेळतं त्याच्याशी मला कर्तव्य नाही."

पेपराचं पान उलटता उलटता मध्येच थांबलं.

सत्ताविसाव्या दिवसाचं रेकॉर्डिंग काचेसारखं स्वच्छ होतं.

त्यानंतर आमचं दोघांचं चांगलं जमलं. आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हतो. मी टॉवेलाला म्हणायचे, "बेसिनचा नळ फारच गळतोय," आणि दुसऱ्या दिवशी नळ गळायचा थांबलेला असायचा. सासूबाई चकित. "कुणी केला गं? इंजिनिअरनं?" मी म्हणायचे, "मी पाहिलं नाही कुणाला करताना." यात काहीच खोटं नव्हतं. एकदा उशीच्या अभ्र्याला सहज म्हटलं, "वजीर इतक्या लवकर बाहेर काढू नये म्हणतात," तर मामंजींना ठसका लागला. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. त्या चार दिवसांत त्यांचे स्नेही तसं म्हणाले होते, तेवढंच.

असे दिवस सरत गेले. सासूबाईंनी टोमणा मारणं सोडलं होतं. साठावा दिवस पार झाला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बारीकशी खूण केली, मला न सांगता.

एक्याण्णवाव्या दिवशी मी ऐकून उठले, तर सासूबाई दारातच उभ्या.

"इंजिनिअरच्या डोक्यात खूळ शिरलंय. ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणतोय. यंत्र बसवायचं." त्या माझ्याकडे बघत होत्या, अगदी डोळ्यांत डोळे घालून. "तू नेमाची बाई. खोटं बोलत नाहीस. सांग, ह्यांना ऐकू येतं का?"

नाही म्हणावं तर नेम मोडतो. हो म्हणावं तर मामंजी मोडतात.

"आई," मी म्हटलं, "नेम पुरा होईपर्यंत कुणाची चुगली करायची नाही, असंही मी ठरवलंय."

"हे कधी ठरवलंस?"

"आत्ता."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"म्हणजे चुगली करण्यासारखं काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "अगं, मला पहिल्याच महिन्यात कळलंय. मी मुद्दाम यांच्यामागे उभी राहून हळूच म्हटलं, माझ्या बहिणीला चार महिने राहायला बोलावतेय. यांच्या हातातला चहा मांडीवर सांडला."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? चाळीस वर्षं ह्यांनी मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. आता मी समोर बसून हवं ते बोलते. ह्यांच्या आईबद्दल बोलते, ह्यांच्या घोरण्याबद्दल बोलते. एकदाही उलट उत्तर नाही. देता येत नाही ना. उत्तर दिलं की बहिरेपण गेलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "यंत्र आलं की माझं हे सुख संपलं. तेव्हा तू तोंड मिटून राहा, एवढंच सांगायला आले होते."

"आणि भावजींनी मला विचारलं तर?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मावळलं. "हो. तो तुलाच विचारणार. तुझ्याशिवाय ह्या घरात कुणाच्या शब्दाला वजन आहे?" त्यांनी बोटांवर मोजलं. "नऊ दिवस. नऊ दिवस त्याच्या वाऱ्याला उभी राहू नकोस."

नऊ दिवस मी भावजी आले की आंघोळीला गेले. मी तेवढ्या आंघोळी जन्मात केल्या नसतील.

शंभराव्या दिवसासाठी मी रजा काढली होती. शेवटचं वाचन तरी लागतं तेव्हाच ऐकावं, अशी इच्छा होती. पहाटे उठले, आवरलं, पावणेसातला रेडिओसमोर चटई टाकून बसले. वायर काढलेली. मामंजी नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर पेपर. माझी त्यांना भीती नव्हती, म्हणून त्यांनी स्नेह्यांना काही कळवलं नव्हतं. बातम्या झाल्या. सासूबाई आज फिरायला गेल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या.

सात वाजून बारा मिनिटांनी भावजी आपल्या खोलीतून बाहेर आले. अंगात कचेरीचा शर्ट नाही. हातात छापील कागद.

"मीही आज रजा घेतलीय," ते म्हणाले. "मुद्दामच बोललो नाही, बाबा पळवाट काढतात. दहाची वेळ घेतलीय डॉक्टरांची. हा तक्ता घरातल्या एका माणसानं भरायचाय. वहिनी, तुम्ही भरा. तुम्ही खरं तेच लिहाल." आणि लगेच वाचायलाही लागले. "पहिला प्रश्न. त्यांना कुजबुज ऐकू येते का?"

मामंजी पेपराकडे बघत होते. पेपर उलटा होता.

"भावजी," मी म्हटलं, "वाचन झालं की सांगते."

"हो की नाही, एवढंच तर आहे."

"साडेसातला सांगते. शब्द देते."

"बरं, बरं," म्हणून ते स्टूल ओढून बसले. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की त्या नजरेला तक्त्यातले सगळे प्रश्न कमी पडले असते.

सव्वासात झाले. बाईंचा आवाज आला. शेवटचा अध्याय होता, आणि बाईंनाही तो शेवटचा आहे हे जाणवत असावं. त्या नेहमीपेक्षा सावकाश वाचत होत्या. मी डोळे मिटले. पाच मिनिटं गेली. घरात कुणी हललं नाही. मला वाटलं, झालं, आता किनारा दिसतोय.

सात वीसला मामंजींचा फोन वाजला.

रोज तो चिमणीएवढा वाजायचा. पण आदल्या दिवशी भावजींनी वडिलांवरच्या मायेनं त्याचा आवाज सगळ्यात मोठा करून ठेवला होता, बाबांना निदान फोन तरी ऐकू यावा म्हणून. तो आगीच्या बंबासारखा केकाटला. बाईंचा एक शब्द त्यात अर्धा बुडाला. अर्धा मी पकडला. पुढच्या वाक्याआधी बाई पान उलटायला थांबल्या.

"कुठे वाजतोय?" भावजी उठून इकडेतिकडे बघायला लागले. सासूबाई धावल्या, उशी उचलली, कपाटावर पाहिलं. मला उठता येत नव्हतं. उठले तर ऐकणं सुटलं. फोन कुठे आहे हे खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं. तो मामंजींच्या मांडीवर, पेपराखाली होता. त्यांनी हात लावला असता तर मुलासमोर दोन वर्षांचं बहिरेपण एका क्षणात गेलं असतं. नसता लावला तर माझे शंभर दिवस.

मी डोळे उघडले. मामंजी माझ्याकडेच बघत होते.

बाईंनी श्वास घेतला. मामंजींचा हात पेपराखाली सरकला. फोन बंद झाला. आणि पुढचं वाक्य, पहिल्या अक्षरापासून, लख्ख माझ्या कानात आलं.

उरलेली दहा मिनिटं भावजी उभेच होते. वडिलांकडे बघत. मी मात्र तिकडे पाहिलं नाही. मी ऐकत होते. ग्रंथ संपला, बाईंनी सगळ्यांना सुखी राहा म्हटलं, आणि रेडिओवर साबणाची जाहिरात सुरू झाली. मी हात जोडले. घड्याळात साडेसातला एक मिनिट होऊन गेलं होतं.

"बाबा," भावजी हळूच म्हणाले. "तुम्हाला फोन ऐकू आला."

"काय?" मामंजी म्हणाले, पण आज त्या काय मध्ये जीव नव्हता.

भावजी माझ्याकडे वळले. "वहिनी. तुम्ही पाहिलंत ना? साडेसात झालेत. आता सांगा. त्यांना ऐकू येतं की नाही?"

सासूबाईंनी दाराची चौकट धरली.

मी उठले. चटईची सुरळी केली. गुडघे दुखत होते.

"भावजी," मी म्हटलं, "फोन मांडीवर होता. थरथरला की अंगाला कळतंच. ऐकू कुठलं यायला. आणि यंत्राचं म्हणाल, तर मी आमच्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांना मागेच विचारून ठेवलंय. ते म्हणाले, ह्या वयात यंत्र लावलं की आहे तेवढंही जातं. त्यापेक्षा माणूस आनंदात आहे, तसं राहू द्या."

कानाच्या डॉक्टरांना मी जन्मात पाहिलेलं नाही. त्यांचे झगे तेवढे मी घडी करते.

"असं म्हणाले?" भावजींनी तक्ता खाली केला. "मग बरं झालं तुम्हाला विचारलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता." आणि ते दहाची वेळ रद्द करायला फोन लावत गॅलरीत गेले. शंभर दिवस थेंब थेंब साठवलेली पुण्याई मी अशी एका दमात ओतून मोकळी झाले.

मामंजींनी पेपर सुलट केला आणि त्यात तोंड घातलं. कागदाच्या वरून फक्त त्यांचे पांढरे केस दिसत होते.

मी देवापुढे जाऊन बसले आणि झालं ते सगळं सांगून टाकलं, नेम पुरा झाला हे आधी आणि बाकीचं नंतर. तो ऐकून घेतो, हे त्याचं मोठेपण. परत आले तर सासूबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं, गरम, सकाळी साडेसातला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी जेवायला बसले. त्या समोर बसून माझं जेवण बघत राहिल्या.

"पुढचा नेम कधी धरणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"बघते. पुढच्या महिन्यात."

"धर हो. जरूर धर." त्यांनी माझ्या ताटात आणखी वाढलं आणि आवाज खाली आणला, अगदी कुजबुजीइतका. "फक्त तो खरं बोलायचा भाग यंदा गाळ. घराला झेपत नाही."

खुर्चीतल्या पेपरानं जोरजोरात मान डोलावली.